शुक्रवारच्या तेलावरची गाडी

तेरेक-सू, ९ सप्टेंबर

ती. दाजींस असानकुलचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात आपण विचारलंत, की पन्नाशी उलटली तरी डोंगरात बसून मी नक्की केलं काय. प्रश्न खवचट आहे, पण उत्तर सरळ देतो. माझ्या हातची कामं अशी : ओढ्यावरचं पाण्यावर चालणारं जातं, दगडासकट. आईच्या खोलीतली भिंतीतली चूल. तिचा धूर आजवर एकदाही घरात आलेला नाही. नमद्याच्या तंबूचे दोन सांगाडे, वाळुंजाच्या काठ्यांचे. शाळेची घंटा, जी आधी ट्रकच्या चाकाची रिम होती. ताईला लग्नात दिलेली पेटी. (बिजागरी करकरत असेल तर कळवा. करकरत नसणार.) आणि गाडी.

गाडीबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण आपण तिला चारचौघांत ‘पळती कढई’ म्हणता असं समजलं. टप जुन्या इस्पितळगाडीचा, पावाच्या लादीसारखा. म्हणून गावात तिचं नाव लादी. इंजिन भंगारातल्या ट्रॅक्टरचं. बाकी सगळं माझं. दोन टाक्या : लहान डिझेलची, मोठी तळणाच्या तेलाची. इंजिनचं गरम पाणी मोठ्या टाकीतून फिरवणारी तांब्याची नळी. खिंडीपलीकडे नारिन शहराला जाणाऱ्या प्रवाशांसाठी मागचं बाक, अक्रोडाच्या एकाच फळीचं, त्यात एकही खिळा नाही. गाडी लहान टाकीवर सुरू करायची, इंजिन तापलं की नळीवरची चावी फिरवून मोठ्या टाकीवर घ्यायची. फिल्टर मात्र दोन्हींना मिळून एकच. दोन कशाला? एक नीट बसवला की पुरतो.

तेल कुठून आणतोस, असंही आपण विचारलंत. आमच्याकडे पोर जन्मलं, लग्न झालं, माणूस गेलं, त्याचं वर्ष भरलं, की कढई चढते. पाहुण्यांसमोर बोरसोकचा, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचा, डोंगर ओतल्याशिवाय दस्तरखान मांडलं असं कुणी म्हणत नाही, हे आपल्याला माहीत आहेच, लग्नात आपणच सर्वांत जास्त खाल्लेत. तळून उरलेलं तेल पूर्वी ओढ्यात जायचं. आता माझ्या पिंपांत येतं. प्रत्येक घरच्या तेलाची एक बाटली मी छतावर ठेवतो. सकाळच्या गारठ्यात ते ढगाळलं तर उन्हाळ्याच्या पिंपात, स्वच्छ राहिलं तर हिवाळ्याच्या. सरकीचं तेल लगेच रुसतं, सूर्यफुलाचं बराच वेळ तग धरतं.

अडचण एकच, वासाची. गाडी धूर सोडते तो शुक्रवारी पितरांच्या नावानं पोळ्या तळाव्यात तसा. शेजारची कानिमबूबू आजी गाडी दारावरून गेली की हातातलं टाकून बसते, तळवे वर करते आणि तोंडावरून फिरवते. मी तिला म्हटलं, आजी, ही गाडी आहे, कुणाचं वर्षश्राद्ध नाही. ती म्हणाली, वास कुठून आला हे मेलेले विचारत बसत नाहीत.

आई ठीक. शुक्रवारच्या सात पोळ्या अजून स्वतः तळते, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत, आधी कांद्याची एक फोड जाळून. परवा मला म्हणाली, तुझी गाडी कोरडं तेल पिऊन हडकुळी झाली आहे, तिलाही जरा चरबी घाल. मी समजावलं की चरबी थंडीत गोठते, नळीत बसते, गाडी जागच्या जागी मरते. कागदावर चित्र काढून समजावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, बरं.

ताईस नमस्कार. आपला लोभ आहे, तो फक्त उन्हाळ्यापुरता नसावा ही विनंती.

आपला मेव्हणा,
असानकुल


अतिराऊ, २८ सप्टेंबर

चि. असानकुल यास ओमीरझाकचे अ. उ. आ.

पेटीची बिजागरी करकरते. तुला कळवता यावं म्हणून मी मुद्दाम तेल घातलेलं नाही. तुझी बहीण म्हणते मी खोटं बोलतो. पण ती तुमच्याच माहेरची, तिची साक्ष कोण धरणार?

इकडची खबर. माझा जन्म तेलाच्या टाक्यांवर चढून आतल्या तेलाची उंची मोजण्यात गेला. आता त्या जागी एक डबी बसवली आहे, ती खाली बसलेल्या पोराला आकडा सांगते. डबीला चहा लागत नाही, गुडघे दुखत नाहीत. पंपांच्या आवाजानं कान गेले ते मात्र माझ्याकडेच राहिले. म्हणून तर तुला पत्र लिहावं लागतं. फोनवर मी ओरडतो आणि तू रुसतोस.

आपल्या दानियारनं चिनी गाडी घेतली, विजेवरची. अंगणात तिला विजेच्या दोरीनं बांधतो, वासराला बांधावं तशी. ना आवाज, ना वास. मागून येते ते कळतच नाही, परवा मांजर समजून मी तिला हुसकावलं. मी त्याला म्हटलं, अरे, बापानं तेलावर घर उभं केलं, आणि तू त्याच अंगणात हे आणून बांधलंस? तो म्हणाला, बाबा, तेल संपणार नाही, तेलाचं काम संपेल. शहाणा आहे. तेलाच्या आधी आम्हीच संपणार, एवढं मात्र त्यानं बोलून दाखवलं नाही.

आता तुझ्या कढईबद्दल. इथली एक कंपनी संग्रहालय बांधते आहे, ‘उद्याचा प्रवास’ नावाचं. तेलवाल्यांना हल्ली उद्याची फार काळजी लागली आहे. त्यांच्या माणसाला मी तुझ्या गाडीचं सांगितलं. खरं सांगायचं तर थट्टा म्हणून सांगितलं, पण त्याचे डोळे चमकले. त्यांना ती विकत हवी आहे. आकडा चांगला आहे. इथे लिहीत नाही, पत्रं आणणारे ड्रायव्हर वाचतात. एवढंच सांगतो, त्यात दानियारच्यासारखी एक मांजर येईल आणि वर चांगला घोडा येईल.

घाई का करतो ते ऐक. तूच मागे लिहिलं होतंस की डिझेल मिळत नाही म्हणून मिनीबसवाले यंदा बर्फ पडल्यावर खिंडीत येणार नाहीत. तुझी आई शहाऐंशीची. तुझी बहीण सकाळी चहा ओतते आणि तो गार होईपर्यंत खिडकीबाहेर बघते. उद्या काही झालं तर तिला खिंड ओलांडून कोण नेणार, तुझी कढई? मुलीनं तंबूत बसून आईसाठी विलाप गायचा, ही रीत तुम्हा किर्गिझांची तशी आम्हा कझाकांचीही. ती हुकली तर तुझी बहीण मला मरेपर्यंत ऐकवेल, आणि मी अर्धाच बहिरा आहे.

विचार कर. चांगली गाडी घे. थट्टेचा राग धरू नकोस आणि धरलास तरी लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
ओमीरझाक


तेरेक-सू, १९ ऑक्टोबर

ती. दाजींस सा. न. वि. वि.

पेटी दक्षिणेच्या कोरड्या लाकडाची आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत ती करकरणारच. दोष हवेचा. मेणबत्ती घासा, तेल नको.

विजेच्या गाडीविरुद्ध माझं काही नाही. पण आमच्याकडे हिवाळ्यात वीज सकाळी थोडी येते, संध्याकाळी थोडी. ती चुलीला द्यायची की गाडीला, यावर घरोघर बायको आणि नवरा बोलेनासे होतील. टेलिफोनचा मनोरा पंधरा दिवस मुका आहे. त्याचं जनित्र डिझेलवर चालतं, डिझेल टँकरनं येतं, आणि टँकरला वर चढायला डिझेल नाही. हे ज्यानं आखलं त्याला मोठा पगार असणार.

आपण म्हणाल, मी लोकांच्या लग्नामरणावर गाडी चालवतो. खरं आहे. मीही कुणाच्या तरी तेलावरच आहे, आणि हिवाळ्यात तिसरा हिस्सा आपल्याकडच्या तेलविहिरींचं डिझेल मिसळल्याशिवाय माझं भागत नाही, हेही लपवत नाही. फरक एवढाच की मला तेल कोण देतं ते मला माहीत असतं. मी त्याच्या घरी जेवलेलो असतो.

आता ताईचं. तिला सांगा, खिंड कशीही असो, वेळ आली तर मी तिला आईपाशी आणीन. हा माझा शब्द. हिवाळ्याचं पिंप वेगळं ठेवलं आहे, निव्वळ सूर्यफुलाचं. प्रत्येक घरच्या तेलाची बाटली छतावर ठेवून पारखली आहे. आमच्या घरचं तेवढं तसंच ओततो. घरच्याला कुणी बाटली लावत नाही.

संग्रहालयाचा विचार करतो. त्यांना एक विचारा : गाडी चालती ठेवणार की बंद?

आईनं आपल्यासाठी सुकं दही पाठवलं आहे. ड्रायव्हरनं वाटेत खाल्लं असेल तर पत्रासोबत त्याचं नावही कळेल, मागे लिहून ठेवलं आहे. लोभ शिल्लक ठेवावा.

आपला,
असानकुल


अतिराऊ, १० नोव्हेंबर

चि. असानकुलास झूराकानचे अनेक आशीर्वाद.

दाजींना पानंच्या पानं लिहितोस आणि माझ्या वाट्याला शेवटी ‘ताईस नमस्कार’. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. पेटी करकरत नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा शब्द मला वाचून दाखवला. तुझ्या शब्दाला आजवर गंज लागलेला नाही, हे मी इथे सगळ्यांना सांगते. पण एक विचारते, रागावू नकोस. ती गाडी तुझ्याशिवाय कुणाला चालवता येते का? तू तापानं पडलास तर? गुलायिम तुझी बायको आहे, तिला हात आहेत, डोळे आहेत, आणि तुझ्यापेक्षा डोकं शांत आहे. तिला शिकव. तू म्हणशील, चावी कधी फिरवायची हे ऐकून कळतं, सांगून कळत नाही. तू लहानपणी पतंगाबद्दलही असंच म्हणायचास, आणि शेवटी पतंग तुलाच एकट्याला उडवत बसावा लागायचा.

मी इथेही शुक्रवारी पोळ्या तळते. पण बाटलीतल्या तेलाला वासच नसतो. या गावाला एकाच तेलाचा वास आहे, आणि त्या वासाला आपली माणसं येत नाहीत.

आईसाठी लोकरीचे मोजे पाठवते आहे. तिच्या विलापाचे शब्द मी जुळवून ठेवलेत. जिवंत माणसासाठी असं करू नये म्हणतात, पण ऐन वेळी माझी जीभ अडखळते, तुला माहीत आहे. तंबूत बसून ते म्हणायला मिळावेत, एवढंच माझं मागणं आहे. बाकी काही नको.

माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई


तेरेक-सू, १४ डिसेंबर

आमच्या म्हाताऱ्यास झूराकानचा नमस्कार.

तुम्हाला निरोप पोचला असेलच, तरी सगळं नीट लिहिते, कारण असानकुल लिहिणार नाही.

त्यानं नारिनहून फोन करून सांगितलं की आई आजारी आहे, ये. मी तेव्हाच समजले. नुसती आजारी आहे हे सांगायला कुणी बर्फातून खिंड उतरून नारिनला जात नाही. आपल्यात मरणाची बातमी अशीच देतात, आणि ऐकणाऱ्यानंही न समजल्यासारखं करायचं असतं. मी तसं केलं. विमानतळावरून येताना, जीव शांत राहावा म्हणून तुम्ही दिलेली गोळी घेतली, उपयोग झाला नाही.

मी नारिनला पोचले तो दफनाचा दिवस होता. थोरल्यांनी ठरवलं होतं, सूर्य कलण्याआधी मातीला देऊ, त्यापुढे थांबता येणार नाही. मुलगा म्हणून असानकुलनं खरं तर तंबूबाहेर काठी टेकून उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर हंबरडा फोडायचा. पण गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. त्यानंच वाटेत म्हटलं, ताई, तू लिहिलं होतंस.

गाडीत आम्ही तिघं. तो, मी आणि कानिमबूबू आजी, जी डोळे दाखवायला नारिनला गेली होती. माथा दिसायला लागला आणि गाडी खोकली. त्यानं चावी डिझेलवर फिरवली. काही नाही. दोन्ही तेलं एकाच फिल्टरमधून जातात, तोच बसला होता. त्यानं खाली शिरून फिल्टर काढला. आत पांढरं, घट्ट, लोण्यासारखं. त्यानं बोटावर घेऊन हुंगलं. मग हात माझ्यापुढे धरला. मी हुंगलं.

कांदा होता. जाळलेल्या कांद्याचा वास.

तो बर्फात बसला. मी माझ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता बसलेलं पाहिलं. कानिमबूबू आजी विचारत होती, काय झालं, काय झालं.

मग तो उठला. चरबी वितळवायला आग हवी, आणि खिंडीत काडीसुद्धा नाही. त्यानं कुऱ्हाड काढली, आम्हाला उठवलं आणि आम्ही बसलो होतो ते बाक तोडलं. ते अक्रोडाचं. एकही खिळा नव्हता, म्हणून तुटायला वेळ लागला. बादलीत फिल्टर, वर खरवडून काढलेली चरबी, खाली आग. सूर्य तेव्हा समोरच्या कड्यावर होता आणि आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, की खाली आईला उचललं असणार.

चरबी वितळली आणि वास सुटला. शुक्रवारचा वास, आमच्या स्वयंपाकघराचा. कानिमबूबू आजीनं तळवे वर केले. मी गावाकडे तोंड करून खाली बसले आणि ज्यासाठी आले होते ते केलं. सगळं म्हटलं. एकही ओळ अडखळली नाही. माझ्या मागून आवाज आला म्हणून वळले, तर असानकुल जॅकची लोखंडी दांडी बर्फात टेकून, दोन्ही हात तिच्यावर ठेवून, वाकून उभा होता आणि रीतीप्रमाणे हंबरत होता. तिथे त्याला ऐकायला आम्ही दोघीच होतो.

गावात पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, की मुलगी उशिरा आली, आता हिचं काय करायचं. कानिमबूबू आजीनं त्यांना गप्प केलं. म्हणाली, पोरीनं आपल्या आईच्या कढईच्या वासावर विलाप केला आहे, तुमच्यापैकी कुणी केला?

गुलायिमनं मग मला बाजूला घेऊन सांगितलं. आई सप्टेंबरपासून दर शुक्रवारी उरलेली चरबी हिवाळ्याच्या पिंपात ओतायची. गाडी आपल्या पितरांसाठी राबते, तिनंही जरा चांगलंचुंगलं खावं, म्हणायची. गुलायिमला तिनं शपथ घातली होती, त्याला सांगू नकोस, मी त्याचं ऐकत नाही असं त्याला वाटेल.

मी चाळीस दिवस इथे राहते. तुम्ही औषधं घ्या. असानकुलनं शब्द पाळला, हे मी तुम्हाला लिहून देते, म्हणजे पुढे वाद नको. तो दुसरा फिल्टर करत बसला आहे. जेवायला हाक मारली तर येतो.

इथे तुमची आठवण निघते, म्हणून तिथेही माझी निघू द्या.

झूराकान


अतिराऊ, ९ जानेवारी

चि. असानकुल यास आशीर्वाद.

आईंच्या बाबतीत मी काय लिहू? त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या होत्या, कझाक आहे, पण खातो व्यवस्थित. मला एवढी चांगली शिफारस पुढे कुणी दिली नाही. शुक्रवारी इथे आम्ही सात पोळ्या तळल्या. दानियारनं तळल्या. तीन जळल्या, चार बऱ्या होत्या.

आता एक सांगतो, पत्र फाडू नकोस. तुझ्या बहिणीचं पत्र मी पंपघरात वाचून दाखवलं. रडून झाल्यावर लोकांनी ते इकडे-तिकडे सांगितलं, आणि ते संग्रहालयाच्या माणसाच्या कानी गेलं. त्यानं आकडा दीडपट केला आहे. त्याला गाडी हवी आहेच, पण आता गोष्टही हवी आहे, फलकावर लिहायला, आईंच्या फोटोसकट. तो स्वतः नारिनपर्यंत येईल, कागद घेऊन.

तू विचारलं होतंस, चालती ठेवणार की बंद. बंद. इंजिनातलं तेल काढणार, टाक्या वाफेनं धुणार, टपाला रंग देणार. वास जाईपर्यंत धुणार, कारण बघायला येणाऱ्यांच्या कपड्यांना लागतो. बाक त्यांच्या सुताराकडून नवं करून घेणार, अगदी जुन्यासारखं.

घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. मी जन्मभर तेल मोजलं आहे, आकडा बरोबर आहे की नाही एवढंच मला कळतं. आकडा बरोबर आहे. बाकी तुझ्या हाती. माझ्या बायकोला बर्फ कमी असेल त्या दिवशी खाली पोचव आणि तिच्यासोबत थोडं सुकं दही पाठव. मागचं मिळालं नव्हतं. ड्रायव्हरचं नाव मिळालं.

राग असला तरी लोभ असू दे, दोन्ही एका टाकीत मावतात.

तुझा,
ओमीरझाक


तेरेक-सू, ७ मार्च

ती. दाजींस सा. न. वि. वि.

ताई सुखरूप पोचली हे कळलं. तिला खिंडीतून खाली गुलायिमनं नेलं, मी शेजारी बसलो होतो. ती चावी माझ्यापेक्षा जरा उशिरा फिरवते. इंजिनला चालतं, असं दिसतं. आता मंगळवारची फेरी तिची.

गाडीतले बदल : फिल्टर दोन, प्रत्येक टाकीला स्वतःचा. दोन्ही टपाच्या आत घेतले आणि गरम पाण्याची नळी त्यांच्याभोवतीही गुंडाळली. आधीचा एक फिल्टर बाहेर, थंडीत होता. ती माझी चूक, आईची नव्हे. घरच्या तेलालाही आता बाटली लावतो. नवं बाक साध्या देवदाराचं केलं, खिळे मारून. पुन्हा वेळ आली तर लवकर तुटावं.

आईनं ओतलेल्या तेलातलं थोडं पिंपाच्या तळाशी राहिलं होतं. ते गाळून वेगळं ठेवलं. ते संपलं की शेजारून शेपटीची चरबी घेतो, कांद्याची फोड जाळतो आणि शुक्रवारच्या फेरीला मोठ्या टाकीत एक पळी घालतो. इंजिनला हे बरं नाही, मला माहीत आहे. इंजिनच्या झडपांवर काजळी धरते, ती दर महिन्याला खरवडावी लागते. खरवडतो. खिंडीच्या माथ्यावर थोडा वेळ इंजिन चालू ठेवून थांबतो, मग पुढे जातो. प्रवासी आधी कुरकुरायचे. आता तेही तळवे वर करतात, निदान माझ्यासमोर तरी.

मनोरा परवापासून बोलायला लागला आहे. पहिला फोन मिनीबसवाल्याचा आला. बर्फ वितळलं की तो विजेवरची गाडी आणणार आहे. मी म्हटलं, आण. त्याची गाडी माथ्यावर थांबली तर तिला ओढायला दोर माझ्याकडे आहे, आणि माझी थांबली तर त्याच्याकडे असू दे.

संग्रहालयाचा माणूस नारिनला आला होता. सभ्य माणूस, चहा नीट प्यायला. मी त्याला लादीत बसवून गावापर्यंत आणि परत नेलं. उतरल्यावर त्यानं कोटाची बाही हुंगली, आणि मला वाटलं आता तो समजेल. तो म्हणाला, काळजी करू नका, हा वास आम्ही पूर्ण काढून टाकू.

सुकं दही ताईबरोबर पाठवलं आहे. चिरंजीव दानियारला सांगा, पोळी कडेनं फुगायला लागली की उलटायची, मग जळत नाही. वाट पाहणं आपल्याकडे असू द्या, येणं माझ्याकडे.

आपला मेव्हणा,
असानकुल

ता. क. ड्रायव्हर पत्रं वाचतात, म्हणून आपण आकडा कधी लिहिला नाहीत. मी मुद्दाम लिहितो, ठळक अक्षरांत, म्हणजे खिंडीच्या दोन्ही बाजूंना एकदाचं कळेल आणि कुणी पुन्हा विचारणार नाही. लादीचे, आईच्या फोटोसकट, त्यांनी देऊ केले होते साडेसोळा लाख सोम. मी नको म्हटलं.